तीस हजारांचे सोळा हजार नऊशे एकोणनव्वद कसे झाले? पहिल्या पगाराची स्लिप वाचताना

जुलैच्या सात तारखेला संध्याकाळी भाच्याचा फोन आला. पाऊस नुसता कोसळत होता, लोट्याहून चिपळूणला येणारी कंपनीची बस परशुराम घाटात रखडलेली, आणि तेवढ्यात त्याला बँकेचा मेसेज: १६,९८९ रुपये जमा.

"मामा, ऑफर लेटरात तीस हजार लिहिलेत. हे काय? गंडवलं की काय मला?"

मी एकोणीस वर्षं लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत पगारपत्रकं करतो. दर जुलैत असा एखादा फोन येतोच. डिप्लोमा, बीएस्सी झालेली पोरं जूनमध्ये लागतात आणि पहिला पगार बघून घाबरतात. भाच्याला कुणी गंडवलेलं नव्हतं. त्याला जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहितो. तुमची स्लिप समोर ठेवा आणि कॅल्क्युलेटर काढा. आकडे त्याचेच घेतो.

आधी ऑफर लेटर: तो आकडा पगाराचा नसतो

ऑफर लेटरात वर्षाला ३,६०,००० लिहिलेले असतात, त्याला सीटीसी म्हणतात. कंपनीला तुम्ही वर्षाला केवढ्याला पडता, तो हा आकडा. तुम्हाला काय मिळणार हे त्यातून कळत नाही. महिन्याच्या तीस हजारांतून तीन गोष्टी आधीच बाजूला निघतात. भाच्याचा मूळ पगार, म्हणजे बेसिक, १५,००० आहे. त्यावर कंपनीने भरायचा पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, १२ टक्के: १,८००. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या पैशांची, तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ७२२. आणि दिवाळीला मिळणारा बोनस महिन्यावर वाटून १,२५०.

हे तिन्ही वजा केल्यावर उरतात २६,२२८. याला ग्रॉस म्हणायचं. स्लिपच्या डाव्या बाजूला हीच बेरीज असते: बेसिक १५,०००, घरभाडे भत्ता ६,०००, प्रवास भत्ता १,६०० आणि स्पेशल अलाउन्स ३,६२८. स्पेशल अलाउन्समध्ये स्पेशल काही नसतं. बेरीज जुळावी म्हणून उरलेली रक्कम तिथे टाकतात.

ग्रॅच्युइटीचं एक ध्यानात ठेवा. कायम कामगाराला ती साधारण पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर मिळते. दोन वर्षांनी सोडून पुण्याला गेलात तर ते महिन्याचे ७२२ तुम्ही फक्त कागदावर कमावलेले असतात. म्हणून मुलाखतीला "पॅकेज किती" असं विचारू नका. "ग्रॉस किती, बेसिक किती, आणि पीएफ बेसिकवर कापता की १,८०० वर थांबता" असं विचारा. समोरचा माणूस जरा सरसावून बसतो, हा माझा अनुभव आहे.

मग दिवस मोजा

भाचा कामावर लागला ९ जूनला. म्हणजे जूनचे २२ दिवस भरले. २६,२२८ ला ३० ने भागा, २२ ने गुणा: १९,२३४. फोनवर मी एवढं म्हटलं आणि पलीकडून "अरे हो!" असं आलं. तीस हजारांपैकी जवळपास अकरा हजारांचा हिशेब इथेच लागला होता, अजून एक पैसाही "कापलेला" नव्हता.

भागायचं किती दिवसांनी, हे मात्र आपल्या टाइम ऑफिसात विचारून घ्या. कुठे महिन्याचे जेवढे दिवस तेवढ्याने भागतात, कुठे कायम ३० ने, तर काही कारखान्यांत रविवार वगळून २६ ने. २६ ने भागलं तर एका खाड्याला जास्त पैसे जातात.

कोकणात या दिवसांच्या रकान्याला फार महत्त्व आहे, कारण आपल्याकडे गणपती येतो. आणि शिमगा. नव्या माणसाच्या खात्यात रजाच जमलेली नसते, पण गणपतीला घरी न जाणारा चाकरमानी मी तरी पाहिलेला नाही. चार दिवस बिनपगारी झाले तर भाच्याचं काय होईल ते बघा. तीस दिवसांचा महिना, भरले २६, ग्रॉस २२,७३१. म्हणजे ३,४९७ गेले. पण पीएफही कमी बेसिकवर, १३,००० वर कापला जातो, १,८०० ऐवजी १,५६०. त्यामुळे हातात प्रत्यक्ष ३,२५७ कमी पडतात. एवढे गेले तरी चालतील म्हणत असाल तर खुशाल जा. फक्त पगार झाल्यावर आमच्या टेबलासमोर येऊन भांडू नका.

हजेरीचं आणखी एक. बहुतेक ठिकाणी हजेरी २५ तारखेच्या आसपास बंद होते. त्यानंतरचा खाडा किंवा ओव्हरटाइम पुढच्या महिन्यात धरला जातो. घाटात दरड आली, बस पोचली नाही, पंच झाला नाही, असं झालं तर त्याच दिवशी सुपरवायझरची सही घेऊन ठेवा. महिना उलटल्यावर तो दिवस कोणाच्याच लक्षात नसतो.

आता उजवी बाजू: काय काय कापलं

भाच्याच्या स्लिपवर उजवीकडे चार ओळी होत्या. पीएफ १,३२०. व्यवसाय कर २००. कामगार कल्याण निधी २५. कँटीन आणि बस ७००. एकूण २,२४५. १९,२३४ मधून गेले की १६,९८९. रुपयाचाही फरक नाही.

तो थोडा शांत झाला, पण लगेच पुढचा प्रश्न: "म्हणजे हे बावीसशे बुडाले?" बुडाले नाहीत. यातले काही पैसे तुमचेच राहतात, काही जातात ते कायमचे. मी नेहमी पेन्सिलीने स्लिपवर खुणा करायला सांगतो. परत येणारं, न येणारं, आणि ज्याचा कागद मागायचा ते.

*पीएफ.* हा तुमचाच पैसा. बेसिक अधिक महागाई भत्ता, त्याच्या १२ टक्के तुमचे, आणि तेवढेच कंपनीचे. पण कंपनीचे सगळे तुमच्या पीएफ खात्यात पडत नाहीत, इथे लोक चकतात. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही जास्तीत जास्त १५,००० च्या मर्यादेवर. म्हणजे पूर्ण महिन्याला कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनला आणि ५५० तुमच्या पीएफला. पासबुकात तीन रकाने दिसतात ते हेच. पेन्शनच्या रकान्यावर व्याज दिसत नाही, ते बरोबर आहे. उरलेल्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं, इतकं बँकेच्या साध्या ठेवीवर शोधून दाखवा. दरमहा पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते.

१५,००० ची ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून आहे. बेसिक त्याहून जास्त, समजा ३०,००० असेल, तर काही कंपन्या १,८०० वरच थांबतात, काही पूर्ण ३,६०० कापतात. पूर्ण कापला तर हातात कमी येतात, पण खात्यात दुप्पट साठतात.

आता करायचं काम. यूएएन नावाचा पीएफचा बारा आकडी क्रमांक घ्या, आधार जोडा, उमंग ॲपवर पासबुक उघडा. एका महिन्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. विसाव्या तारखेनंतर दर महिन्याला एकदा बघा, दोन मिनिटांचं काम आहे. हे मी इतकं घोकून सांगतो त्याला कारण आहे. माझी पहिली नोकरी एका ठेकेदाराकडे होती. त्याने सात महिने माझ्या पगारातून पीएफ कापला, स्लिपवर छापला, आणि भरला नाही. पासबुक बघायची सोय नव्हती, म्हणून मला कळलं ते नोकरी सोडताना. ठेकेदाराकडे असाल तर एवढं माहीत असू द्या: त्याने भरला नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवरही येते. अर्ज तिथेही द्यायचा, तोंडी नाही, लेखी, आणि पोच घेऊन.

ठेकेदार बदलला की काही जण नवा यूएएन काढून मोकळे होतात. तसं होऊ देऊ नका. एका माणसाचा एकच यूएएन, आयुष्यभर. लोट्यात आमच्याकडे एक फिटर आला होता त्याचे तीन निघाले, ते जोडताना दोघांनाही घाम फुटला. आधारवर नावाचं एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, दहावीच्या दाखल्यावर तिसरं.

*व्यवसाय कर.* हा राज्य सरकारचा, आणि परत न येणारा. महाराष्ट्रात पुरुषाला महिन्याचा पगार ७,५०० पर्यंत असेल तर काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे २००. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, मिळून वर्षाचे २,५००. घटनेने राज्यांना या कराची घालून दिलेली कमाल मर्यादाच ती आहे. त्यामुळे फेब्रुवारीच्या स्लिपवर शंभर रुपये जास्त गेले म्हणून धावत येऊ नका.

महिलांना एप्रिल २०२३ पासून पगार २५,००० पर्यंत असेल तर हा कर नाही. भाच्याबरोबर त्याच दिवशी, त्याच पगारावर लॅबमध्ये एक मुलगी लागली होती. तिच्या खात्यात दोनशे रुपये जास्त आले, म्हणून हा पठ्ठ्या आधीच फुगून बसलेला. तिचा जूनचा ग्रॉस १९,२३४, म्हणजे पंचवीस हजारांच्या आत, म्हणून कर शून्य. जुलैत पूर्ण महिना भरला, ग्रॉस २६,२२८ झाला, आणि तिचेही दोनशे गेले.

*कामगार कल्याण निधी* जून आणि डिसेंबरच्या पगारात असतो, कामगाराचे २५ रुपये. त्यावर वेळ घालवायला नको.

*ईएसआय.* म्हणजे कर्मचारी राज्य विमा. भाच्याला लागू नाही, पण तुमच्यापैकी पुष्कळांना असेल: हॉटेलात, काजूच्या कारखान्यात, मासळी प्रक्रियेत काम करणाऱ्यांना. ग्रॉस २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापना योजनेत असेल तर तुमच्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. सोळा हजार पगाराला तुमचे १२० रुपये. यात तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचेही उपचार आहेत. आजारपणाच्या बिनपगारी दिवसांचा भत्ता आहे, बाळंतपणाचाही. एवढ्या पैशांत इतकं देणारा दुसरा विमा मला माहीत नाही. तरी माणसं वर्षानुवर्षं १२० भरतात आणि कार्ड काढत नाहीत. लागल्या लागल्या विमा क्रमांक मागून घ्या, घरच्यांची नावं चढवा, आणि जवळचा दवाखाना कुठला ते विचारून ठेवा. पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तर कपात लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन सहामाही टप्पे असतात, चालू टप्पा संपेपर्यंत ती चालूच राहते. ओव्हरटाइममुळे मर्यादा ओलांडली असं धरत नाहीत, पण ओव्हरटाइमच्या रकमेवर ०.७५ टक्के मात्र कापतात.

*कँटीन, बस, ॲडव्हान्स, दंड.* हा पेन्सिलीचा तिसरा रकाना, कागद मागायचा. गणपतीचा ॲडव्हान्स दहा हजार घेतला आणि दोन हजारांचे पाच हप्ते ठरले, तर सहावा हप्ता कापला गेलाय का ते बघायची जबाबदारी तुमची. मीही माणूस आहे, एक्सेलमधली ओळ काढायची राहून जाते. "रिकव्हरी" किंवा "इतर कपात" एवढंच लिहिलेलं असेल तर कशाची ते विचारा. त्या शब्दामागे हरवलेलं हेल्मेट असतं, किंवा दुसऱ्याच कोणाचा तरी ॲडव्हान्स.

आयकर: घाबरण्याआधी बेरीज करा

"मला टॅक्स का नाही कापला? पुढे एकदम कापतील का?" हा भाच्याचा शेवटचा प्रश्न. नाही कापणार. त्याचं पूर्ण वर्षाचं उत्पन्न बोनस धरून ३,२९,७३६. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी पहिल्या चार लाखांवर करच नाही.

नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर सांगावं लागतं. नवीचे टप्पे असे: चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारावर १०, बारा ते सोळावर १५, सोळा ते वीसवर २०, वीस ते चोवीसवर २५, त्यापुढे ३०. पगारदाराला आधी ७५,००० ची प्रमाणित वजावट. आणि करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर ६०,००० पर्यंतची सूट मिळून कर शून्य. म्हणून पगार १२,७५,००० पर्यंत असेल, दुसरं उत्पन्न नसेल, तर आयकर नाही. लोट्यातल्या शंभरातल्या नव्वद जणांची चिंता इथेच मिटते (हा माझा अंदाज).

बाराच्या वर गेलात की मात्र चार लाखांपासून कर मोजला जातो. एक उदाहरण घेऊ, पगार १४,७५,०००. वजावट जाऊन १४ लाख. चार ते आठचे २०,०००, आठ ते बाराचे ४०,०००, उरलेल्या दोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३०,०००. झाले ९०,०००. त्यावर ४ टक्के उपकर ३,६००. वर्षाचे ९३,६००, महिन्याला ७,८००. कंपनी हेच दरमहा टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापलेला कर, म्हणून कापते. "दहा हजार पगार वाढला आणि साठ हजार कर बसला" ही चहाच्या टपरीवरची गोष्ट खरी नाही. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं तर कर त्या वरच्या १०,००० पुरताच मर्यादित राहतो, अधिक उपकर.

जुन्या प्रणालीत घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, विमा, पीएफ यांची वजावट मिळते, पण दर चढे आहेत. मोठं गृहकर्ज आणि भरपूर भाडं, दोन्ही असल्याशिवाय ती आता फारशी परवडत नाही असं माझं मत. घरभाडे भत्त्याची सूट धरताना रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ इथे बेसिकचे ४० टक्के धरतात, मुंबईत ५०. आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्याला ती मिळतच नाही, शेजाऱ्याची खोटी पावती आणली तरी.

दोन गोष्टी आपल्याकडच्या. पहिली, आंब्याची बाग. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं, पण पगार करमुक्त मर्यादेच्या वर असेल आणि बागेचं उत्पन्न ५,००० हून जास्त असेल, तर पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते हिशेबात धरतात. कंपनीला ते माहीत नसतं. विवरणपत्रात तुम्हीच दाखवायचं. दुसरी, वर्षाच्या मध्ये मुंबईची नोकरी सोडून गावाकडे आलेले. जुन्या कंपनीतला पगार नव्या कंपनीला कळवला नाही तर दोघंही तुम्हाला तीच चार लाखांची सवलत आणि तीच वजावट देतात, आणि फरक जुलैत व्याजासकट खिशातून भरावा लागतो.

तुमच्याकडून पीएफ कापत नाहीत, स्लिप देत नाहीत, पण सरसकट १० टक्के टीडीएस जातो, असं असेल तर तुम्ही त्यांच्या वहीत कामगार नाही, व्यावसायिक आहात. रिसॉर्ट आणि लहान कार्यालयांत हे फार चालतं. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून तो टीडीएस परत मिळतो. पॅन दिला नसेल तर २० टक्के जातात, म्हणून पॅन पहिल्या दिवशी द्या.

स्लिप चुकली वाटली तर

आधी हजेरी, मग ग्रॉस, मग कपाती, याच क्रमाने तपासा. दहातल्या आठ तक्रारी हजेरीत सापडतात. चूक सापडली की टाइम ऑफिसात तारीख सांगून बोला: "तेवीस तारखेची सेकंड शिफ्ट लागली नाही." नुसतं "पगार कमी आला" म्हणणाऱ्याला उत्तर मिळायला आठवडा लागतो. आमचं चुकलं असेल तर फरक पुढच्या महिन्यात एरियर्स म्हणून येतो, आणि तो आला का ते पुढच्या स्लिपवर बघायचं.

स्लिपा मोबाइलमध्ये आणि स्वतःच्या ईमेलवर, दोन्हीकडे ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा माझ्या कपाटातली सगळी कागदपत्रं चिखलाचा लगदा झाली. पुढे घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढताना बँकेने मागच्या स्लिपा मागितल्या. कंपनीच्या कॉम्प्युटरात होत्या म्हणून निभावलं. नोकरी सोडताना ती सोय नसते; शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा ईमेल आणि पोर्टल दोन्ही बंद होतात. राजीनामा देण्याआधीच सगळ्या स्लिपा आणि फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, उतरवून घ्या.